ओसरीवरचे मत, माजघरातले मत

२०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगरहवेलीत दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया मोजल्या गेल्या. दिल्लीतल्या एखाद्या कचेरीत बसून हा आकडा वाचणाऱ्या अधिकाऱ्याने, सिल्वासा म्हणजे मुलगी नकोशी झालेली नगरी, असा निष्कर्ष काढला तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. आकडा तसेच सुचवतो. परंतु चाळीस वर्षे मागे गेले, तर १९७१ साली याच प्रदेशात हजार पुरुषांमागे १,००७ स्त्रिया होत्या. १९९१ साली हे प्रमाण ९५२ झाले, २००१ साली ८१२ आणि त्यानंतर ७७४. एवढ्या काळात वारली आणि कोकणा समाजाने आपल्या लेकी टाकून दिल्या काय? तसे काही झालेले नाही. मधल्या काळात करसवलतींच्या आधाराने धाग्याचे, प्लास्टिकचे, यंत्रसामग्रीचे कारखाने दमणगंगेच्या काठी उभे राहिले आणि त्यांत काम करण्यासाठी उत्तरेकडून, पूर्वेकडून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून तरुण पुरुष एकटे आले. बायका गावी राहिल्या. ७७४ हा आकडा मुलींच्या तिरस्काराचा नसून, बहुतांशी पुरुषांच्या स्थलांतराचा आहे.

खरी काळजी वाटावी असा आकडा या गोंगाट करणाऱ्या आकड्याच्या आड दडून बसला आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ साली ९७९ होते. २०११ साली ते ९२६ वर आले. सहा वर्षांची मुले कारखान्यात कामाला येत नाहीत. तेव्हा दहा वर्षांत झालेली ही त्रेपन्नांची घट स्थलांतरित कुटुंबांनी आपल्याबरोबर आणलेल्या आवडीनिवडीमुळे झाली, की इथल्या घरांतही मुलाची हाव शिरू लागली म्हणून झाली, हे शोधून काढायला हवे. आणि ते शोधायचे तर माणसे मोजून भागणार नाही, माणसांना विचारावे लागेल. डोकी मोजणे सोपे असते, डोक्यात काय आहे ते मोजणे कठीण. स्त्री-पुरुष समतेविषयी लोकांचे खरे मत काय आहे, हे नीट जाणून घेऊन मग धोरण आखावे, असा विचार अलीकडे जगभर मांडला जात आहे. तो स्वागतार्ह आहे, असे आम्ही मानतो. पण हे मत कोणाचे, कोणत्या प्रश्नाने आणि कशासाठी मोजायचे, याचा निवाडा आधी झाला नाही तर मोजमापाने ज्ञान वाढण्याऐवजी गैरसमजच वाढतील, अशी आमची धारणा आहे.

हा प्रश्न सिल्वाशात विशेष महत्त्वाचा ठरण्याचे कारण राजकीय आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यावर या चिमुकल्या प्रदेशाने प्रशासक आणि वरिष्ठ पंचायत यांच्याकरवी सात वर्षे आपला कारभार आपणच चालवला. १९६१ साली वरिष्ठ पंचायतीने व्यक्त केलेल्या इच्छेनुसारच तो भारतीय संघराज्यात सामील झाला आणि दहाव्या घटनादुरुस्तीने त्या इच्छेवर संसदेचे शिक्कामोर्तब झाले. म्हणजे या प्रदेशाचे भारतीयत्वच लोकमताच्या पायावर उभे आहे. असे असताना पुढील सहा दशकांत त्या लोकमताला हक्काचे घर मात्र मिळाले नाही. येथे विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२० पासून दादरा आणि नगरहवेली व दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले, तरीही ती आली नाही. जिल्हा पंचायत आहे, नगरपरिषद आहे, लोकसभेत एक खासदार आहे; पण कायदे आणि मोठी धोरणे ठरतात ती दिल्लीत आणि प्रशासकाच्या कचेरीत. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देण्याचे ठरवले. परंतु जिथे विधानसभाच नाही तिथे तिच्यातल्या राखीव जागांचा लाभ तरी कोणाला होणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

कोणी म्हणेल की, या मतदारसंघाने २०२१ च्या पोटनिवडणुकीत श्रीमती कलाबेन डेलकर यांना निवडून देऊन पहिली महिला खासदार लोकसभेत पाठवली आणि २०२४ साली पुन्हा त्यांनाच, वेगळ्या पक्षाच्या चिन्हावर, कौल दिला. मग स्त्रियांविषयीचे लोकमत आणखी कसे मोजायचे? ही घटना महत्त्वाची आहेच. पण मतदार मत देताना उमेदवार स्त्री की पुरुष एवढेच पाहत नाही. सहानुभूती, घराण्याविषयीची निष्ठा, पक्ष, जमात आणि स्थानिक गाऱ्हाणी या सर्वांचे मिळून एक मत होते. निवडणुकीने खासदार निवडला जातो, समाजाचे मन वाचले जात नाही. मतपेटीत समतेचा पुरावा शोधणे जसे चूक, तसेच तिच्यात विषमतेचा पुरावा शोधणेही चूकच.

लोकमत अजमावण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. नवी आहे ती स्त्रियांना विचारण्याची रीत. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची आपली टिपणे प्रसिद्ध केली तेव्हा सरकारने ती प्रांतोप्रांतीचे अधिकारी आणि प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ यांच्याकडे अभिप्रायार्थ धाडली. अभिप्रायांचा ढीग जमला. पण ज्यांच्या लग्नाचा आणि वैधव्याचा तो प्रश्न होता त्यांना मात्र कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने मुंबईच्या इंग्रजी दैनिकात जी पत्रे आली, ती लिहिणारी रखमाबाई होती. तिला कोणी प्रश्नावली पाठवली नव्हती. तिने आपले मत आपण होऊन सांगितले आणि त्यासाठी तिला नाव लपवावे लागले. १९२८ साली सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवयाचा विचार करणारी समिती नेमली गेली. तिच्यात रामेश्वरी नेहरूंसारख्या स्त्री-सदस्य होत्या, तिने प्रश्नावल्या काढल्या, प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या आणि त्या साक्षीदारांत स्त्रियाही होत्या. तिच्या अहवालाने बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या कायद्याची बाजू भक्कम केली. म्हणजे १८८४ आणि १९२८ यांच्या दरम्यान मते मोजण्याची पद्धत बदलली तशी मोजलेली मतेही बदलली. लोकमत हे जमिनीत पुरलेल्या हंड्यासारखे नसते, की कोणीही उकरले तरी तेवढेच निघावे. उकरणारा कोण आणि तो कोठे उकरतो, यावर बरेच अवलंबून असते.

प्रश्न कसा विचारला जातो याचे महत्त्व तर आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना कोणी शिकवायला नको. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती, फूल आणि दोन पाने. एक महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी, दुसरे केंद्रशासित राहण्यासाठी. सुमारे ५४ टक्के मते दोन पानांना पडली आणि प्रश्न निकालात निघाला. त्या वेळच्या वादात आज पुन्हा शिरण्याचे प्रयोजन नाही. दोन्ही बाजूंनी निष्ठेने लढलेली माणसे आमच्या वाचकांच्या घरांत होती. पण दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाला दिल्लीचा कारभार कायमचा हवा होता काय? तसे असते तर घटक राज्याची मागणी पुढे वीस वर्षे जिवंत राहिली नसती आणि ३० मे १९८७ रोजी ती पुरीही झाली नसती. तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता म्हणून तो लोकांच्या मनात नव्हता, असे होत नाही. प्रश्न विचारणारा उत्तराच्या सीमा आधीच आखून ठेवतो. ज्यांनी हे एकदा अनुभवले आहे त्यांनी तरी स्त्रियांविषयीच्या पाहण्यांतले आकडे वाचताना आधी प्रश्न वाचावा आणि मगच उत्तर वाचावे.

आता अलीकडच्या पाहण्यांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांना एक प्रश्न विचारला जातो. पत्नी न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केले, उलट बोलली, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक बिघडवला, तिच्या निष्ठेविषयी संशय आला किंवा तिने सासरच्यांचा मान राखला नाही, तर पतीने तिला मारणे योग्य आहे काय? २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या पाहणीत देशातील ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी निदान एका कारणासाठी ‘होय’ असे उत्तर दिले. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण स्त्रियांत ५२ आणि पुरुषांत ४२ टक्के होते. स्त्रियांच्या मनातली मान्यता उतरते आहे आणि पुरुषांच्या मनातली, थोडी का होईना, चढते आहे. ही गोष्ट कोणत्याही राज्यकर्त्याची झोप उडवील अशी आहे. ज्यांना मार खावा लागतो त्या सावध होत असताना, ज्यांचा हात उठतो ते मात्र होते तिथेच आहेत किंवा एक पाऊल मागे गेले आहेत.

परंतु हा आकडाही जपूनच वाचायला हवा. ‘योग्य आहे काय’ या शब्दांचा अर्थ मांदोनीच्या पाड्यावरच्या बाईला काय लागतो? ‘असे घडते काय’ असे तिने ऐकले तर ती ‘होय’ म्हणेल. त्या ‘होय’ची नोंद मात्र संमती म्हणून होईल. सासू दाराशी उभी असेल तर ती ‘होय’ म्हणेल, कारण घरात राहायचे आहे. प्रश्न विचारणारी मुलगी शहरी, शिकलेली दिसली तर ‘नाही’ही म्हणेल, कारण तिला काय ऐकायचे आहे हे बाईने ओळखलेले असते. मौनं संमतिलक्षणम् असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा मौन हे भयाचे लक्षण असते आणि तोंडातून आलेला होकारही मौनाचाच एक प्रकार असतो.

२०२२ साली अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने भारतातील सुमारे तीस हजार प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. पत्नीने नेहमी पतीच्या आज्ञेत राहावे, हे ८७ टक्के लोकांना पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी मान्य होते. नोकऱ्या कमी असतील तेव्हा पुरुषांचा हक्क पहिला, असे ८० टक्के म्हणाले. आणि याच लोकांपैकी ५५ टक्क्यांनी स्त्री आणि पुरुष सारखेच चांगले राजकीय नेते होऊ शकतात असे सांगितले, तर आणखी १४ टक्क्यांनी स्त्रियाच अधिक चांगल्या असे म्हटले. पाश्चात्त्य वाचकाला यात विसंगती दिसेल. आपल्याला तसे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बाई पंतप्रधान झालेली या देशाने १९६६ सालीच पाहिली. तिच्या सभेला लोटणाऱ्या लाखो पुरुषांच्या घरी स्त्रिया पुरुषांची जेवणे उरकल्यावरच पाटावर बसत होत्या. आपल्या मनाला एक ओसरी असते आणि एक माजघर असते. ओसरीवर आलेल्यागेलेल्यांशी बोलताना आपण समतेचे असतो, माजघरात आपण आजोबांचेच नातू असतो. पाहणी करणाऱ्याची गाठ बहुधा ओसरीशीच पडते.

माजघरात काय चालते याचा ठाव शब्दांनी लागत नाही तेव्हा घड्याळाने लावता येतो. २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत असे आढळले की, घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवर दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. मुळात अशी कामे करणारे पुरुषच थोडे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईचे काम पाच वर्षांत दहा मिनिटांनी हलके झाले, पण ते पुरुषाने उचलले असे मात्र नव्हे. त्याचीही मिनिटे घटलीच. ‘घरकाम दोघांनी करावे काय’ असा प्रश्न विचारला तर ‘होय’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. घड्याळ भीड धरत नाही. म्हणून मताची पाहणी आणि कृतीची पाहणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय धोरण आखू नये, असे आम्हाला वाटते.

आता सिल्वाशाची गोष्ट पाहू. कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्हानिहाय पत्रके निघतात ही खरी गोष्ट. परंतु पुरुषांच्या मुलाखती, घरातील हिंसाचार आणि स्त्रीचे निर्णयस्वातंत्र्य यांविषयीचे प्रश्न सुमारे १५ टक्के घरांतच विचारले जातात आणि त्यांचे निष्कर्ष राज्याच्या किंवा केंद्रशासित प्रदेशाच्या पातळीवरच काढले जातात. परिणामी खानवेलपलीकडच्या डोंगरातली वारलीण, दमणच्या कारखान्यातल्या मजुराची बायको आणि दीवची कोळीण यांची मते एकाच सरासरीत कालवली जातात. २०११ साली हजार पुरुषांमागे स्त्रिया दमणमध्ये ५३४ होत्या, नगरहवेलीत ७७४ आणि दीवमध्ये १,०३१. एकीकडे परमुलखातले पुरुष येतात, दुसरीकडे घरचे पुरुष समुद्रावर आणि परदेशी जातात. या तिन्ही समाजांतल्या स्त्रियांचे जीवन इतके निराळे असताना त्यांच्या मतांची सरासरी काढणे म्हणजे एक पाय विस्तवावर आणि एक बर्फावर ठेवलेल्या माणसाला, सरासरीने तू सुखात आहेस, असे सांगण्यासारखे आहे.

खुद्द नगरहवेलीतही एक समाज नाही, निदान तीन आहेत. पहिला डोंगरपाड्यांतला आदिवासी समाज. येथील स्त्रीचे स्थान पुण्या-मुंबईच्या प्रश्नावलीत मावत नाही. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे पौरोहित्याचा मान स्त्रीकडे. लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात त्या सवाशिणी. हुंड्याऐवजी मुलीच्या बापाला देज देण्याची चाल आहे. ‘तुमच्यात हुंडा घेतात काय’ या प्रश्नाला येथे ‘नाही’ असे उत्तर मिळेल आणि कोष्टकात समतेचा एक गुण वाढेल. पण या चित्राला सोन्याचे पाणी देण्याचेही कारण नाही. याच देजेच्या आणि लग्नखर्चाच्या कर्जापायी शेजारच्या डहाणू-तलासरीच्या मुलखात लग्नगडी निर्माण झाले, नवऱ्याबरोबर बायकोही सावकाराच्या दावणीला बांधली गेली. गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून त्या वेठीविरुद्ध जो लढा उभारला त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मराठी वाचकांनी वाचली आहे. आणि भिंतीवरची चित्रकला १९७० नंतर कागदावर येऊन बाजारात गेली, तेव्हा जगाने ओळखली ती प्रामुख्याने पुरुषांची नावे. जिव्या सोमा मशे यांच्या थोरवीला यामुळे काडीइतकाही उणेपणा येत नाही. पण ज्या बायकांच्या बोटांतून ही कला पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली त्या अनामच राहिल्या, हेही विसरता कामा नये. मान आहे पण मोबदला नाही, लग्न लावण्याचा अधिकार आहे पण कर्ज नाकारण्याचा नाही, अशी ही गुंतागुंत ‘होय-नाही’च्या चौकटीत उतरणार कशी?

दुसरा समाज कारखान्यांच्या आसपासच्या चाळींतला. एका खोलीत पाच-सहा पुरुष पाळीपाळीने झोपतात. आज येथे, उद्या वापीला, परवा गावी. कुटुंबांच्या यादीवरून नमुना निवडणाऱ्या पाहणीत हे एकटे पुरुष नीटसे सापडत नाहीत आणि ती यादीही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. जिथे लोकवस्ती दर पाच वर्षांनी कात टाकते तिथे दहा-बारा वर्षांपूर्वीची यादी घेऊन मत मोजणे म्हणजे ओसरलेल्या भरतीच्या खुणेवरून आजचे पाणी जोखणे आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२५ साली निघालेल्या अधिसूचनेने पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ही ठरवली. त्या गणनेतून नवी यादी हाती येईल, तेव्हा नव्या पाहणीची घडी बसवण्याचा मुहूर्त तोच आहे. तिसरा समाज सिल्वासा शहरातला, गुजराती, मराठी, हिंदी बोलणारा, दुकानदारीचा आणि नोकरीपेशाचा. येथे मुली शिकतात आणि स्त्री-साक्षरतेचा आकडा वर नेतात. तरीही २०११ साली प्रदेशातील पुरुषांची साक्षरता ८५ टक्के आणि स्त्रियांची ६४ टक्के होती, ही एकवीस टक्क्यांची दरी मुख्यतः पाड्यांतून आलेली आहे, हे शहराने ध्यानात ठेवलेले बरे.

मत आणि धोरण यांचा संबंध किती निकटचा आहे याचे एक ताजे उदाहरण घेऊ. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीवर निर्बंध होता. २०२० ची व्यावसायिक सुरक्षाविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार स्त्रीला तिच्या संमतीने, सुरक्षिततेच्या अटींवर, सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी कामावर घेता येते. तत्त्वतः आम्ही या बदलाचे स्वागतच करतो. संरक्षणाच्या नावाखाली बाईच्या तोंडचा घास काढून घेणे हे समतेचे लक्षण नव्हे. पण या कायद्याचा सारा डोलारा ‘संमती’ या एका शब्दावर उभा आहे. ही संमती मोजायची कोणी? मुकादमाच्या समोर छापील कागदावर अंगठा उठवून घेतला म्हणजे ती संमती झाली काय? घरून परवानगी नाही, रात्री पाड्यावर परतायला बस नाही, वाटेवर दिवा नाही, मूल ठेवायला जागा नाही, म्हणून जी ‘नको’ म्हणते तिचे ते मत आहे की तिची अडचण? आणि काम जाईल या धास्तीने जी ‘चालेल’ म्हणते तिचे ते स्वातंत्र्य आहे की तिची लाचारी? सिल्वाशासारख्या कारखान्यांच्या गावी हा प्रश्न रोजच्या भाकरीचा आहे. येथे मत नीट मोजले गेले तर त्यातून बसची वेळ, पाळणाघराची जागा आणि रस्त्यावरचे दिवे ठरतील. नीट मोजले गेले नाही तर ‘स्त्रियांनाच रात्रपाळी नको आहे’ किंवा ‘स्त्रियांची काहीच तक्रार नाही’ यांपैकी सोयीचा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतील.

तोंडचे मत आणि मनातले मत यांतले अंतर मोजण्याच्या युक्त्याही आता सापडल्या आहेत. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवले. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना स्त्रीच्या. जिथे राखीव जागेमुळे स्त्री सरपंच झालेली होती तिथे पुरुषांनी ‘नेता पुरुषच बरा’ हे तोंडचे मत सोडले नाही. पण स्त्रीच्या आवाजातल्या भाषणाला कमी लेखण्याची त्यांची खोड मात्र कमी झाली. आणि दोनदा जागा राखीव राहिलेल्या गावांत पुढे स्त्रिया खुल्या जागांवरही अधिक संख्येने निवडून येऊ लागल्या. म्हणजे आधी अनुभव बदलतो, मग वागणूक, आणि तोंडचे मत सर्वांत शेवटी. जे सरकार लोकमत तयार होईपर्यंत थांबू म्हणते त्याने हे लक्षात घ्यावे. सौदी अरेबियातील एका प्रयोगात याहून उद्बोधक गोष्ट दिसली. बायकोने नोकरी करायला तिथल्या बहुतेक तरुण नवऱ्यांची मनातून हरकत नव्हती. पण इतरांची असेल असा प्रत्येकाचा समज होता. खरी गोष्ट कळताच त्यांच्या बायका नोकरीसाठी बाहेर पडण्याचे प्रमाण वाढले. आपल्याकडे याला ‘चार लोक काय म्हणतील’ असे म्हणतात. हे चार लोक कोण, ते आजवर कोणी पाहिलेले नाहीत. कारण त्या चौघांपैकी प्रत्येकजण उरलेल्या तिघांना भीत असतो. लोकमत मोजून ते चावडीवर वाचून दाखवले तर यातली निम्मी भीती आपोआप गळून पडेल.

एका धोक्याची सूचना मात्र दिली पाहिजे. समता हा मतदानाला टाकण्याचा विषय नाही. घटनेच्या चौदाव्या आणि पंधराव्या कलमांनी जे दिले आहे ते ८७ टक्क्यांच्या नापसंतीने रद्द होत नाही. घटनात्मक नीती ही उपजत भावना नसून ती जोपासावी लागते, असे डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत बजावले होते, आणि हिंदू संहितेचे विधेयक रखडले तेव्हा त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या वेळी बहुमताच्या पाहणीवर विसंबून राहिले असते तर आज मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा मागताही आला नसता. मत मोजायचे ते समता द्यावी की न द्यावी हे ठरवण्यासाठी नव्हे. ती कोणत्या वाटेने न्यावी, कोठे अडते आणि कोणामुळे अडते, हे कळण्यासाठी. वैद्य नाडी पाहतो ती रोग्याला जगू द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी पाहत नाही.

तेव्हा सिल्वाशाच्या प्रशासनाकडे आमचे मागणे साधे आहे. आदिवासी पाडे, कामगारांच्या चाळी आणि शहर यांची पाहणी निरनिराळी करावी आणि आकडेही निरनिराळे द्यावेत. विचारणाऱ्या मुली स्थानिक असाव्यात. वारली, कोकणा, धोडिया घरांतल्या शिकलेल्या मुली आज मिळतात. त्यांना हे काम मानधनासह द्यावे. स्त्रीची मुलाखत एकांतात घ्यावी, एकांत नसेल तर घेऊ नये. समता हवी काय, असे विचारू नये. मुलीला दहावीनंतर कोठवर पाठवाल, मजुरीचे पैसे कोणाच्या हाती राहतात, जमिनीच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, आजारी पडल्यास दवाखान्यात जायला कोणाची परवानगी लागते, असे विचारावे. शेजाऱ्यांचे मत काय असेल, हेही विचारावे. पुरुषांना तेच प्रश्न तितक्याच कसोशीने विचारावेत. कारण अडसर बहुधा त्यांच्यात आहे आणि धोरणे मात्र बायकांना शहाणे करण्याची निघतात. दर दोन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, म्हणजे काय बदलले ते दिसेल. आणि प्रश्न, उत्तरे, निष्कर्ष सारे ग्रामसभेत लोकांच्या बोलीत वाचून दाखवावे. लोकांचे मत लोकांनाच न कळवता ते दप्तरी बांधून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही प्रशासनाला नाही.

अर्थात अशी पाहणी ही विधानसभेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. विचारले म्हणजे ऐकले असे नव्हे आणि ऐकले म्हणजे सत्ता दिली असे तर मुळीच नव्हे. पण जिथे सत्तेचे दार अरुंद आहे तिथे निदान खिडकी तरी उघडी असावी. दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वाशात मुक्तिदिनाचा सोहळा होतो, झेंडा चढतो, भाषणे होतात. पुढच्या एखाद्या २ ऑगस्टला त्या भाषणांबरोबर दुधनी-मांदोनीच्या बायकांनी, धाग्याच्या कारखान्यातल्या कामकरणींनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी दिलेली उत्तरेही वाचली गेली, तर मुक्त झालेल्या प्रदेशातल्या निम्म्या माणसांना मुक्ती कोठवर पोचली, हे सर्वांना एकदाचे कळेल. मग काय करायचे हे ठरवणे अवघड जाणार नाही.